अंपायरला तसं वाटलं

क्रिकेटवर पोसलेल्या माझ्यासारख्याला बेसबॉलमधल्या खेळापेक्षा भांडणं लवकर समजतात. त्यातही माझी आवडती म्हणजे 'अडथळ्या'ची. धावणाऱ्याने क्षेत्ररक्षकाच्या कामात व्यत्यय आणला असं अंपायरने ठरवलं, की मॅनेजर तावातावाने मैदानात येतोच.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पूर्वी त्याला रीतसर तक्रार करता येई. मात्र पुढचा चेंडू पडायच्या आत. सामनाच त्या निर्णयावर संपला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. अट एकच, पण जीवघेणी : अंपायरने नियम चुकीचा लावलेला हवा. अडथळा देऊनही त्याने बाकीच्या धावपटूंना पुढच्या बेसवर जाऊ दिलं, तर तक्रारीला जागा. पण अडथळा त्याला दिसलाच नाही, किंवा नसलेला दिसला, तर ते त्याचं मत! थोडक्यात, अडाणी अंपायर सापडायचा, आंधळा सुटायचा.

हे कलम मी घरी वापरून पाहिलं. दूध उतू गेलेलं मला दिसलं नाही, हा मताचा प्रश्न आहे, असं बायकोला सांगितलं. तिची तक्रार चहा गाळायच्या आत दाखल झाली आणि मंजूरही.

मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे २०१९च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ह्यूस्टन. पहिल्या बेसच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात तीन फुटी पट्टा असतो. धावायचं त्यातून, पण बेस मात्र पट्ट्याच्या डावीकडे! वॉशिंग्टनचा ट्रे टर्नर सरळ बेसकडे धावला, फेकलेला चेंडू त्याला लागला आणि अंपायर सॅम होलब्रुक यांनी अडथळ्यासाठी त्याला बाद दिलं. वॉशिंग्टनने तक्रारीचा प्रयत्न केला, खेळ थांबला, खल झाला. उत्तर तेच : अंपायरचं मत. मग वॉशिंग्टनच्याच अँथनी रेंडनने त्याच इनिंगमध्ये होम रन ठोकला. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांचं समाधान तरीही होईना. इनिंग बदलताना ते पुन्हा भांडायला गेले आणि हाकलले गेले. सामना वॉशिंग्टनने ७-२ असा जिंकला.

२०२० पासून मेजर लीगने भेदभावच संपवला : मत असो वा नियम, तक्रार मुळीच नाही. २०२४ मध्ये पट्टा मात्र रुंदावला. आता डावीकडच्या मातीतूनही धावता येतं, फक्त गवतावर पाय नको. पाय मातीत होता की गवतावर, हे अर्थात अंपायर ठरवणार.