विलीनीकरणातल्या मॅडम

सरकारी बँकेच्या मोठ्या शाखेत या मॅडम एक तरी असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, हुद्दा मॅनेजर, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पर्समध्ये ॲसिडिटीची गोळी आणि फोनमध्ये ‘द हेटिंग गेम’. यातल्या पहिल्या चार गोष्टी चारचौघांत उघड असतात. पाचवीचा पत्ता घरच्यांनाही नसतो. कर्ज मागायला आलेला माणूस मॅडमसमोर बसला, की आपलेच कागद खरे आहेत ना, अशी शंका त्याला यायला लागते. ही बाई डब्याच्या वेळेत एका उंचापुऱ्या, कायम कपाळाला आठी घातलेल्या तरुणाच्या शर्टांचे रंग वाचत असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

‘द हेटिंग गेम’ ही ऑस्ट्रेलियाच्या सॅली थॉर्नबाईंची पहिलीच कादंबरी, २०१६ सालची. दोन प्रकाशनसंस्था एकत्र येतात, बेक्सली आणि गॅमिन. एकत्र फक्त कागदावर. प्रमुख दोन, त्यामुळे त्यांचे साहाय्यकही दोन: बुटकी, गोडबोली ल्युसी हटन आणि खडूस जोशुआ टेम्पलमन. टेबलं समोरासमोर. दिवसभर एकमेकांवर डोळे रोखायचे, एकमेकांच्या नकला करायच्या, जमल्यास एचआरकडे तक्रार ठोकायची. त्यात वरची एक जागा निघते आणि दोघंही अर्ज करतात. पुढे काय होणार हे पुस्तक हातात घेतानाच कळलेलं असतं. तरी मॅडमची पारायणं चालू आहेत.

का, ते समजायला बँकेत डोकवावं लागेल. एप्रिल २०१९मध्ये देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्या एप्रिलात आणखी सहा बँका चार मोठ्या बँकांत मिसळल्या. या घुसळणीत कुठेतरी मॅडमचीही बँक होती. कुठली, ते त्या सांगत नाहीत. ‘आमची जुनी बँक’ एवढंच म्हणतात, माहेराचं नाव काढावं तशा. विलीनीकरणानंतर शिक्के कुणाचे, फॉर्म कुणाचे, एसी चोवीसवर की सव्वीसवर, यावरून जी शीतयुद्धं झाली, ती त्यांनी लढलेली आहेत. त्यामुळे बेक्सलीवाले आणि गॅमिनवाले एकमेकांकडे कसे बघत असतील, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. मॅडमच्याही समोरच्या टेबलावर ‘त्यांच्या’ बँकेचे साहेब येऊन बसले होते. पण त्या साहेबांना रिटायरमेंटला दोन वर्षं, कानांत केस आणि डब्यात बारमाही कारलं. कादंबरी व्हायची ती राहूनच गेली.

लपवून वाचण्याची मात्र आपल्याकडे चांगली परंपरा आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि ती अश्लील नाही हे ठरायला प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९६९ साल उजाडलं. तोवर किती जणींनी तो अंक गादीखाली ठेवला असेल, याची नोंद कुठल्याच न्यायालयात नाही. मॅडमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ आहेत, पाहुण्यांना दिसतील असे. ‘हेटिंग गेम’ची छापील प्रत कपाटात, पैठणीच्या घडीत. पैठणी वर्षातून एकदा बाहेर निघते, त्यामुळे जागा सुरक्षित. लोकलमध्ये फोनवर वाचायचं, फोनला मुखपृष्ठ नसतं. चेहरा मात्र रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचत असल्याचा.

आता मुद्द्याचं. अशा पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांचा समज असा, की बायका ती चुंबनांसाठी वाचतात. चुंबनं आहेत, लिफ्टमधलं तर फारच प्रसिद्ध आहे. पण मॅडमची आवडती जागा वेगळी. जोशुआच्या डायरीत पेन्सिलीनं केलेल्या काही खुणा ल्युसीला सापडतात. डी आणि एस. मॅडमना ऑडिटची सवय, खूण दिसली की उलगडा होईपर्यंत चैन नाही. आणि उलगडा काय, तर ल्युसीनं त्या दिवशी ड्रेस घातला की स्कर्ट, याची त्यानं रोजच्या रोज केलेली नोंद! रोजच्या रोज! मॅडमच्या मते एवढी नियमित नोंद त्यांच्या शाखेत लॉकर रजिस्टरचीही होत नाही. पुढे कळतं, की या गृहस्थानं झोपायच्या खोलीची भिंतसुद्धा ल्युसीच्या डोळ्यांच्या निळ्या रंगात रंगवून घेतली आहे. इथे मॅडम फोन पालथा ठेवतात आणि जरा खिडकीबाहेर बघतात. त्यांनी हॉलला नवा रंग दिला, तेव्हा मिस्टरांनी चौथ्या दिवशी विचारलं होतं, “ट्यूबलाइट बदलली का गं?”

मिस्टर वाईट नाहीत हो. पावसात स्टेशनवर स्कूटर घेऊन येतात, मॅडम तापल्या की क्रोसिन आणून देतात आणि बाहेर मॅच बघत दर ओव्हरला “बरं वाटतंय ना?” विचारतात. पण ल्युसी तापानं फणफणते तेव्हा तो जोशुआ रात्रभर उशाशी असतो. माझं म्हणणं, या कादंबऱ्यांचं सगळं गुपित इथे आहे. कुणीतरी आपल्याकडे नीट बघतंय, एवढंच त्यांत घडतं. बाकी पोट सपाट असणं वगैरे प्रकाशकाची हौस.

मॅडम भाबड्या मात्र अजिबात नाहीत. हॉटेलात खोली एक आणि पलंगही एकच, हा या जातीच्या गोष्टींतला हमखास प्रसंग त्यांना साफ नामंजूर आहे. “आमच्याकडे लग्नघरात हॉलभर गाद्या आणि वीस बायका,” त्या म्हणतात, “पलंगावर आजेसासूबाई. कुठलं प्रेम जुळतंय?” शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असतं, मग मजा काय, असं नव्या प्रोबेशनरी पोरीनं एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, “ठेवीला विमा पाच लाखांपर्यंतच असतो. इथे पूर्ण रकमेला आहे.”

२०२१ साली या कादंबरीवर सिनेमाही निघाला. मॅडमनी तो एकदाच पाहिला. नायिका ल्युसी हेल पसंत पडली, बाकी ‘ठीक’.

तुमच्या शाखेत अशा मॅडम असतील, तर केवायसीचे कागद घेऊन सकाळीच जा. डब्याच्या वेळी जाऊ नका. तेव्हा त्यांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली असते.