दोन ओळी, दोन पात्या

देवासात एकटं असं काही नसतं. टेकडीवर माता दोन, थोरली आणि धाकटी. संस्थानंही दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंची ही वाटणी १९४८ पर्यंत चालली. अशा गावात एका पुस्तकावर एकच मत कसं होणार?

आमच्या गणगोतात पुस्तकांची एक पेटी फिरते. पुण्याला गेलेल्याने येताना चार मराठी पुस्तकं आणायची. विसरला तर चहा मिळतो, सोबत शेव मिळत नाही. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने दोन ओळी लिहायच्या. तिसरी ओळ दिसली की काका खोडरबर काढतात. "अभिप्राय मागितला होता, कीर्तन नाही!"

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ आली, तेव्हा आत्याने ती सर्वांच्या आधी पळवली. भाच्यासाठी स्थळ बघत होती. पंधरा दिवसांनी शेवटच्या पानावर अक्षर उमटलं: "घराणं मोठं आहे. पत्रिका कुठेच दिली नाही."

नंदा खरे यांची ‘उद्या’ भाऊजींकडे चार महिने होती. काकांनी तगादा लावला, तेव्हा ती परत आली. मागे एकच शब्द होता, "लिहितो." वर पुस्तकाचं नाव होतंच.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठवलेलं गाव आणि मागे राहिलेल्या म्हशी, हे वाचून मामांचा दोन दिवस घास उतरला नाही. त्यांनी लिहिलं: "म्हशींचं सगळं खरं आहे." खाली मुलाने हिंदीत भर घातली: "पापा रोए थे." मामांनी ते खोडलं, पण पेन्सिलीचा वळ राहिलाच.

कवितेच्या वाट्याला मात्र शब्द येत नाहीत. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ गेल्या पावसाळ्यात वहिनीच्या गळक्या माळ्याखाली राहिली आणि खरोखरच भिजून आली. आम्ही अभिप्राय शोधला. पान कोरंच होतं, पण मधल्या एका कवितेपाशी हळदीचा अंगठा होता. काकांनी तो अभिप्राय म्हणून मान्य केला. वर म्हणाले, "आजवरचा सर्वात नेमका!"

खरी पंचाईत ई. एम. फॉर्स्टर यांनी केली. ते १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्या दिवसांवरचं त्यांचं ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये आलं. आमचा इंग्रजी शिकलेला पुतण्या ते पेटीत टाकून मोकळा झाला. काकांचे आजोबा धाकट्या पातीत कारकून होते. काका शब्दकोश घेऊन महिनाभर बसले आणि स्वतःचाच नियम मोडून त्यांनी तीन ओळी लिहिल्या:

"साहेबांची भाषा चांगली आहे.
थोरल्या पातीचं फार कौतुक.
आमच्या आजोबांचं नाव नाही."

खोडरबर कुणीच काढला नाही.