अर्ध्या किमतीत मामा

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले. तालुक्याच्या कचेऱ्यांत जायचं, डिझेलच्या पावत्यांवरची खाडाखोड शोधायची, दौऱ्याच्या तारखा लॉगबुकाशी ताडून बघायच्या. तारीख हा माझा प्रांत. त्यामुळे निवृत्तीनंतर नांदेडातल्या एका मॉलमध्ये 'मुदत जवळ आलेला माल, ५० टक्के सूट' असा कोपरा सापडला, तेव्हा सरकारी खर्चानं मिळवलेलं कौशल्य आता घरच्या कामी लावावं असं मला वाटलं.

त्या कोपऱ्यामागचं शास्त्र मी आधी समजून घेतलं. मॉलवाले जुना माल पुढं लावतात आणि नवा मागं. आपण गिऱ्हाइकं त्यांच्याहून हुशार. कोपरापर्यंत हात आत घालून मागचं पाकीट ओढतो. मग पुढचं पाकीट जागच्या जागी म्हातारं होतं आणि शेवटी त्याला पिवळा स्टिकर लागतो. आयुष्यभर मागची पाकिटं ओढणारा मी आता पुढच्या पाकिटांचा वाली झालो. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या शेठजींना विचारलं, "तुम्ही का नाही ठेवत असली सूट?" ते म्हणाले, "साहेब, बिस्किटं मुदतीबाहेर गेली की एजन्सीवाला बदलून देतो. मी कशाला भाव पाडू?" मला त्यांच्या धंद्याची कीव आली.

घरात माल येऊ लागला. टोफू आला. मेक्सिकन साल्सा आला, तोही बाटल्यांनी. ब्रेड तर इतका आला की आमच्याकडं ब्रेडचा उपमा, ब्रेडचे वडे आणि ब्रेडचा चिवडा असा सप्ताहच बसला. टोफू बायकोनं पनीर समजून भाजीत घातला. पहिल्या घासालाच तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचे घास मी न चावता गिळले. जेवणं झाल्यावर तिनं लेखापरीक्षणच मांडलं.

"पूर्ण किमतीत हे कधी घेतलं असतं का तुम्ही?"

"नाही."

"मग पैसे वाचले कुठून?"

या आक्षेपाचं अनुपालन मला आजतागायत सादर करता आलेलं नाही.

उरलेला ब्रेड गुरुद्वाऱ्याच्या लंगरला द्यावा असं माझ्या मनात आलं. नांदेडात राहून दुसरं काय सुचणार? सचखंड हुजूर साहिबच्या पंगतीला कुणीही बसावं, पोटभर जेवावं. तिथं कुणी कुणाला किंमत विचारत नाही आणि ताटात घेतलेलं टाकायचं नसतं. बायको म्हणाली, "जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते तिथं न्यायचं? लाज वाटू द्या थोडी." ब्रेड गल्लीतल्या गाईपुढं ठेवला. तिनं वास घेतला आणि मान फिरवली.

शहाणा माणूस इथंच थांबला असता. पण मे महिना होता, लातूरला धाकट्या बहिणीकडं जायचं होतं आणि कोपऱ्यात आंब्याच्या स्वादाचं योगर्ट निम्म्या भावात होतं. बहिणीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? डब्यांवर मुदत त्याच दिवसाची. मी हिशेब केला. दुपारची बस धरली तर संध्याकाळी लातूर. मुदत रात्री बारापर्यंत. म्हणजे खायला चांगले पाच-सहा तास हातात राहतात. कायद्यानं माझी बाजू भक्कम होती.

लालपरीत बसलो. बाहेर पारा बेचाळिसाच्या पुढं, आत त्याहून थोडा जास्त. पिशवी वरच्या फळीवर ठेवली. लोह्याला एक गडी चढला आणि त्यानं ज्वारीचं पोतडं माझ्या पिशवीवर आदळलं. मी बोलणार होतो, पण त्याचे दंड पाहून विचार बदलला. माळाकोळी मागं पडली आणि खालच्या सीटवरच्या पांढऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं वर पाहिलं.

"पाहुणं, वरून काय गळायलंय?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. म्हाताऱ्यानं टोपी काढली, बोटानं पुसली, बोट चाखलं. "आंबा हाय," त्यानं जाहीर केलं. मग थोडं थांबून म्हणाला, "पण आंबलाय."

कंडक्टर आला. "कुणाची पिशवी हाय ही?" अख्ख्या बसनं माझ्याकडं बोट केलं. उन्हानं फुगलेल्या डब्यांची झाकणं पोत्याखाली एकेक करून फुटत होती. अहमदपूरच्या स्टँडवर मी रुमालानं फळी पुसली, सीट पुसली, म्हाताऱ्याचा खांदा पुसला. टोपी त्यानं पुसू दिली नाही.

लातुरात पोचल्यावर पिशवी धुवायला बादलीमागून बादली ओतू लागलो, तर बहीण धावत आली. "दादा, बेतानं! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय या गावात. अन् तुम्ही दही धुवायलाव?" एप्रिलमधली ती जलदूत गाडी, तिचे टँकर आणि पाण्यासाठीची जमावबंदी लातूरकर विसरलेले नाहीत. मी नळ बंद केला आणि वाचलेले डबे ऐटीत टेबलावर मांडले.

भाचा नीटची तयारी करतो. लातूरचा पोरगा, त्यात शिकवणीवाला. समोर आलेला प्रत्येक कागद तो चार पर्याय शोधत वाचतो. त्यानं डबा उचलला.

"मामा, हे खाता येणार नाही."

"आज रात्री बारापर्यंत मुदत आहे," मी घड्याळ दाखवलं.

"खाली काय लिहिलंय वाचलं का? चार अंशाच्या आत साठवावे. ही तारीख फ्रिजमधली आहे. तुम्ही ते एसटीत आणलंत."

खाडाखोड शोधण्यात हयात गेली आणि तारखेच्या खालची ओळ राहून गेली. पोरगा मग सुटलाच. 'बेस्ट बिफोर' उलटून गेलं तर चव, कुरकुरीतपणा कमी होतो, पण 'एक्सपायरी' उलटली की खायचं नाही आणि विकायचंही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांनी एक्सपायरी छापणं सक्तीचं केलं, बेस्ट बिफोर ऐच्छिक ठेवलं. वर त्यानं संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवालही मोबाइलवर काढला. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यात किरकोळ दुकानांचा वाटा १२ टक्के, घरांचा ६०.

हे आकडे मात्र माझ्या डोक्यात लगेच शिरले. ही तर साधी वर्गीकरणाची नोंद. टाकायला आलेला माल मॉलनं अर्धे पैसे घेऊन माझ्या खात्यावर वर्ग केला. त्यांचं गोदाम रिकामं, माझा फ्रिज गच्च आणि वाया घालवल्याचा ठपका घरावर. फ्रान्सनं २०१६ मध्ये कायदा करून ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या मॉलना खाण्याजोगा माल फेकायला बंदी केली, तो सेवाभावी संस्थांना द्यायला लावला. नांदेडात ते काम मी एकट्यानं अंगावर घेतलं होतं, तेही वर पैसे देऊन.

सूट वाईट नाही. संध्याकाळी खायचा ब्रेड दुपारी निम्म्या भावात मिळाला तर जरूर घ्यावा. पण तो संध्याकाळी खाणारं तोंड घरात आहे का, हे बिल करण्याआधी बघावं. बहिणीच्या सासूबाईंनी त्या रात्री मला येसराची आमटी आणि भाकरी वाढली. येसराच्या डब्यावर कसलीच तारीख नव्हती, आणि मीही विचारली नाही.

साल्साच्या बाटल्या मात्र अजून शिल्लक आहेत. सीलबंद आहेत, सावलीत ठेवल्या आहेत, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे आणि खालची ओळही या वेळी वाचलेली आहे. नांदेडकरांपैकी कुणाला हव्या असतील तर खुशाल घेऊन जाव्यात. पैसे नकोत. एकदा नेल्यावर परत आणू नयेत, एवढीच विनंती.