दोनशे ब्रास वाळू

आमच्या भूमला समुद्र नाही. नदीला पाणी आलं तरी लोक गाड्या थांबवून बघतात, तिथं समुद्राची गोष्ट कशाला. बालाघाटाच्या डोंगरात बसलेलं हे तालुक्याचं गाव खव्यासाठी नावाजलेलं आणि पाण्यासाठी टँकरकडं डोळे लावून बसलेलं. त्यामुळं भूमचा एक माणूस वाळूवर ताटली फेकायला इटलीला निघालाय ही बातमी गावात पोचली, तेव्हा तिच्यात कौतुक कमी आणि चौकशी जास्त होती. पहिली चौकशी आईची.

"ताटली फेकायला एवढ्या लांब कशाला जायलास रं? हितं काय ताटल्या न्हाईत?"

दुसरी आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. त्यांचं घर स्लॅबपर्यंत येऊन दीड वर्षापासून थांबलेलं. कारण वाळू. आमच्याकडं वाळू हा भूगोलाचा विषय नाही, महसुलाचा आहे. ती ब्रासवर मोजतात, रात्री वाहतात, आणि सकाळी तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नसतं. आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "वाळूवर खेळत्यात? म्हंजी तितं वाळू शिल्लक हाय."

ताटली म्हणजे फ्रिस्बी, आणि खेळाचं नाव अल्टिमेट. ताटली हातात असताना पळायचं नाही, जागेवरून सहकाऱ्याकडं फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसानं ती झेलली की एक गुण. वाळूवर एका बाजूनं पाचच जण खेळतात. ताटलीचं वजन 175 ग्रॅम, म्हणजे पेढ्यांच्या भाषेत पावकिलोही नाही. चेन्नईच्या समुद्रकाठच्या पोरापोरींनी हा खेळ आपल्याकडं चांगला रुजवला, त्यांच्यावर 175 ग्रॅम याच नावाचा एक छोटा माहितीपटही निघाला. मी मात्र याच्यात शिरलो ते पुण्यात, एकोणचाळिसाव्या वर्षी, साखरेचा रिपोर्ट हातात आल्यावर. डॉक्टर म्हणाले चाला. चालायचा कंटाळा म्हणून रविवारी सकाळी मैदानावर गेलो, तर तिथं ऑफिसातली पोरं ताटलीमागं पळत होती. तीन वर्षांनी त्यांना एक जागा भरायची होती आणि माझ्याकडं पासपोर्ट होता. निवड अशी झाली.

आईच्या शब्दाची मात्र मी माफी मागितली पाहिजे. मी तिला बरेच दिवस "ताटली नाही, डिस्क म्हण" असं शिकवत होतो. मग वाचनात आलं की अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये फ्रिस्बी नावाची एक बेकरी होती, तिथल्या 'पाय' नावाच्या पदार्थाच्या पत्र्याच्या रिकाम्या ताटल्या पोरं एकमेकांकडं फेकायची. नाव तिथूनच चिकटलं. 1957 साली व्हॅम-ओ कंपनीनं प्लॅस्टिकची आवृत्ती बाजारात आणली आणि 1968 साली न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या शाळकरी पोरांनी तिचा सांघिक खेळ केला. त्या पोरांतला एक, जोएल सिल्व्हर, पुढं मॅट्रिक्ससारख्या सिनेमांचा निर्माता झाला. तेव्हा मूळ वस्तू ताटलीच. आई इतिहासाला धरून होती. तिला मी एड हेड्रिकचीही गोष्ट सांगितली. त्या कंपनीतल्या या माणसानं ताटलीच्या पाठीवर रेघा काढून ती हवेत स्थिर केली, आणि 2002 साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून ताटल्या काढल्या. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजी सावडल्यावर गंगेत न्हाई, फ्याक्टरीत?"

निघताना तिनं धपाटे दिले, शेंगदाण्याची चटणी दिली आणि कुंथलगिरीचे दोन किलो पेढे दिले. कुंथलगिरी आमच्याच तालुक्यातली, त्यामुळं पेढे न घेता गाव सोडणं म्हणजे जन्मदाखला घरी विसरण्यासारखं. मुंबईच्या विमानतळावर आमच्या कप्तान मुलीनं डबा पाहिला आणि सांगितलं, "सर, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत." शोधून पाहिलं तर खरंच बंदी. रात्री दोन वाजता, गेट नंबरच्या पाटीखाली, आम्ही आठ खेळाडूंनी दोन किलो पेढ्यांना हात घातला. दीड किलोवर संघ कोसळला. उरलेले समोर बसलेल्या, दुबईला निघालेल्या एका कुटुंबाला दिले. त्यांनी विचारलं, "काय, बारसं का?" माझा साखरेचा रिपोर्ट हातबॅगेतच होता.

बोलोन्याला उतरून रिमिनीची रेल्वे पकडली. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि पीच. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर नकाशा धरला होता. फाएन्झा यायच्या आधी म्हणाला, "ही सेनिओ." मी खिडकीला नाक लावलं. दोन उंच बांध आणि मधे एवढीशी नदी, आली तशी गेली. याच नदीवर, जरा खालच्या अंगाला, 9 एप्रिल 1945 रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि बांधावरून एकेक करून मागं घेऊन आले, आणि परत जाऊन त्यांनी तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब फेकून. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते. आमच्या डब्यात पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर एकानं सुचवलं की तीच गर्जना आपण सामन्याआधी द्यावी. पण तेरा-दोननं हरायच्या आधी ती देणं बरं दिसलं नसतं, आणि आम्ही तेरा-दोननंच हरणार याबद्दल संघात एकमत होतं.

रिमिनी हे सिनेमावाल्या फेलिनीचं जन्मगाव. गावात एक रोमन पूल आहे. ऑगस्टसनं काम सुरू केलं, टायबेरियसनं इ.स. 21 मध्ये पुरं केलं, आणि दोघांची नावं पुलावर कोरलेली. म्हणजे नारळ एकाचा, उद्घाटन दुसऱ्याचं; तेवढं आपल्यासारखंच. पूल अजून उभा आहे तेवढं वेगळं.

आणि पियादिना. ही गव्हाची जाड पोळी, तव्यावर भाजलेली, मधे चीज घालून दुमडलेली. भूमच्या माणसाला परदेशात पोळी दिसली की तो हळवा होतो. आमच्यातला एक गडी माळकरी, पंढरपूरची वारी न चुकवणारा. त्यानं विचारून, खातरी करून, नुसतं चीज घातलेल्या तीन खाल्ल्या. चौथीच्या वेळी कुणीतरी भिंतीवरची पाटी मोबाइलनं भाषांतर करून वाचली: पीठ मळताना डुकराची चरबी. तो थांबला, गळ्यातली माळ चाचपली, आणि मोठ्या शांतपणे म्हणाला, "विचारलं होतं मी. आता त्यांचं पाप." पुढचे तीन दिवस तो माझ्या धपाट्यांवर जगला.

स्पर्धेचं नाव पागानेल्लो. 1991 पासून ईस्टरच्या सुट्टीत रिमिनीच्या किनाऱ्यावर भरते. किनारा एवढा रुंद की समुद्र शोधत जावं लागतं. उन्हाळ्यात म्हणे तिथं छत्र्यांच्या रांगा असतात आणि प्रत्येक मालकाच्या हद्दीला नंबर असतो. आम्ही गेलो तेव्हा त्या छत्र्या गुंडाळलेल्या आणि मालक कुंपणं रंगवत बसलेले. थंडी होतीच, त्यात समुद्राकडून वारा आला की फेकलेली ताटली आमच्याच अंगावर परत येई. सुदर्शन चक्र परत यायचं ते काम करून. आमची ताटली न करता.

अनवाणी खेळायचं हे कळल्यावर मला आतून बरं वाटलं होतं. लहानपण काळ्या मातीत, ढेकळांतून, सराट्यांतून अनवाणी गेलेलं. म्हटलं, या पुण्यामुंबईच्या नाजूक पायांना आज दाखवू. पण ढेकूळ पायाला निदान विरोध करतं. वाळू काहीच करत नाही, नुसती बाजूला सरकते. दहा पावलं पळालो की पंचवीस पळाल्यासारखं होई आणि अंतर चारच कापलेलं असे. पहिल्या सामन्यात आमच्यासमोर मधमाश्यांचे पोशाख केलेला संघ होता. चाळिशीत मला मधमाशी चावली नाही एवढंच; बाकी तिनं सगळं केलं.

मध्यंतरात आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. मी धापा टाकत होतो.

"पडलास का रं?"

"न्हाई आप्पा, बसलोय."

"जरा फोन फिरव. ती माघं पिवळं पिवळं दिसायलंय ती समदी वाळू?"

"समदी."

"राखायला कोण?"

"कुणीच न्हाई."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग खालच्या आवाजात, जणू तहसीलात ऐकू जाईल: "कितीला ब्रास?"

त्या प्रश्नानं माझा पुढचा सामना गेला. मैदान पंचाहत्तर मीटर लांब, पंचवीस रुंद. एक फूट खोल धरली तरी दोनशे ब्रास होते. एका मैदानाची. आणि मैदानं तर रांगेनं आखलेली. मी बचाव करायचा सोडून मनात टिपर भरत होतो, आणि मी ज्याला अडवायचं तो माझ्यासमोरून जाऊन दोन गुण करून आला.

आता त्या गोष्टीकडं येतो जी टाळत होतो. या खेळात पंच नसतो. जागतिक स्पर्धेतही नियम खेळाडूंनी स्वतः पाळायचे. फाउल झाला तर ज्याच्यावर झाला तो सांगतो. समोरच्याला मान्य असेल तर ठीक, नसेल तर ताटली परत फेकणाऱ्याकडं. मी भूमच्या गल्लीत क्रिकेट शिकलो. तिथं पंच म्हणजे ज्याची बॅट तो, आणि आउट म्हणजे बॅटवाल्याची आई जेवायला हाक मारील तेव्हा. शेताच्या बांधावरून आमच्या भावकीत आजोबांनी लावलेल्या दाव्याची तारीख नातू घेतात. अशा गावच्या माणसाला सांगणं की बाबा, रेषेवर पाय पडला तर तूच सांग.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात समोर स्विस संघ होता. आमच्या मुलीनं लांब फेकली, मी पळालो, म्हणजे सरकलो, आणि आयुष्यातला पहिला उडी मारून झेल घेतला. तोंडात वाळू, हातात ताटली. आमचे सगळे नाचायला लागले. मला मात्र माहीत होतं की उडायच्या आधी अंगठा पट्टीवर टेकला होता. या खेळात रेषा म्हणजे बाहेर. स्विस पोरगी माझ्याजवळ आली, रागानं नाही, नुसतं विचारायला: "आत होतास?"

"आत," मी म्हणालो. हे मी म्हणालो नाही, माझ्या तोंडातून भावकी बोलली.

"ओके," ती म्हणाली आणि जागेवर गेली. बास. आरडाओरडा नाही, आईबहीण नाही, मोबाइलवरचं शूटिंग काढणं नाही. त्यानंतर माझ्या हातून चार झेल सुटले. बांध कोरल्यावर झोप लागते ती समोरचा शिव्या देतो म्हणून. त्यानं नुसतं ओके म्हटलं तर माणसानं करायचं काय?

सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल करतात, एक त्यांचा एक आपला असे, आणि एकमेकांबद्दल दोन शब्द बोलतात. त्या गोलात मी माझ्या इंग्रजीत सांगून टाकलं, की तो गुण आमचा नव्हता. आमच्या बाजूनं कुणीतरी माझ्या बरगडीत बोट घातलं. ती स्विस पोरगी हसली. "मला वाटलंच होतं बाहेर," ती म्हणाली, "पण तू जास्त जवळ होतास ना. तुलाच नीट दिसलं असणार." मी नगरपालिकेच्या शाळेत गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आहेत. त्या बऱ्या होत्या.

प्रत्येक सामन्यानंतर संघ एकमेकांना खिलाडूवृत्तीचे गुणही देतात. नियमांचं ज्ञान, धक्काबुक्की, न्यायबुद्धी, वागणूक आणि संवाद, प्रत्येकाला चारपैकी. वीसपैकी दहा म्हणजे चांगलं मानतात, हे आपल्याकडच्या आईबापांना समजावणं कठीण. आम्हाला बहुतेकांनी दहाच्या आसपास दिले. स्विसांनी न्यायबुद्धीला किती दिले ते मी पाहिलं नाही. खेळात आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटच्या संघात दोघांचं पोट बिघडलं होतं.

आठवड्यानं भूमला गेलो. आईनं बॅग अंगणात उलटी केली. कपड्यांतून, मोज्यांतून, चटणीच्या रिकाम्या डब्यातून वाळू गळायला लागली, ओंजळभर तरी निघाली. आप्पा जोत्यावर बसले होते, ते उठून आले. चिमटीत घेऊन चोळली, उजेडात धरली, जिभेला लावली आणि थुंकले.

"खारट हाय," ते म्हणाले. "स्टील खाईल."

आणि परत जाऊन बसले.