कोंबड्यांची सेवापुस्तकं

आप्पांनी जन्मभर आस्थापना शाखेत कारकुनी केली आणि घरी बसल्यावर परसात नऊ कोंबड्या पाळल्या. म्हणून आप्पा निवृत्त झाले असं आमच्या कुडाळात कोणी म्हणत नाही. त्यांची बदली झाली, असं म्हणतात.

बाकीचे लोक कोंबड्या पाळतात त्या अंड्यांसाठी, नाहीतर वडे-सागोतीसाठी. आप्पांनी पाळल्या त्या नियम लावायला. खुराड्याच्या दारावर खिळ्याला हजेरीपट टांगलेला असतो. तिन्हीसांजा झाल्या की कोंबड्या आपसूक आत जातात. ही आपली शिस्त, असं आप्पांचं मत. मुंगसाच्या भीतीने ते कडी दोनदा तपासतात आणि मगच सही करतात.

त्यांचा खरा जीव रमतो रजेच्या हिशेबात. कोंबडीला एक अंडं तयार करायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे आज सकाळी आठाला घातलेलं अंडं उद्या नवाला, परवा दहाला, असं सरकत सरकत दुपारवर येतं आणि मग एक दिवस कोंबडी अंडंच घालत नाही. सामान्य माणूस म्हणेल, निसर्ग. आप्पा म्हणाले, "लेटमार्क साचले की एक किरकोळ रजा कापायची. आमच्या कचेरीत दुसरा काय होता?" खुडूक बसलेल्या कोंबडीची एकवीस दिवसांची अर्जित रजा. दिवस लहान व्हायला लागून पिसं झडली आणि अंडी थांबली, की वैद्यकीय. सगळ्या रजा मंजूर, त्याही भरपगारी. याच आप्पांनी नोकरीत असताना 'अर्ज मुदतीत नाही' एवढं लिहून कितीतरी शिपायांच्या गणपतीच्या रजा बुडवल्या होत्या. त्यांतले दोघे अजून अधूनमधून येतात आणि गडग्यापलीकडून कोंबड्यांकडे बघत उभे राहतात.

दाण्यावर पहिला हक्क तांबडीचा, मग कबरीचा, सगळ्यांत शेवटी उघड्या मानेचीचा. कोणी कोणाला टोचायचं याचा कोंबड्यांमध्ये ठरलेला क्रम असतो, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1922 साली शास्त्रीय लेख लिहून मांडलं. पुतण्याने ही माहिती सांगितली तेव्हा आप्पा हसले. सेवाज्येष्ठता यादी त्यांनी त्याआधीच पक्की केली होती, हरकती मागवून.

कोंबडा मात्र त्यांनी ठेवला नाही. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो. कार्यालयप्रमुखावाचून काम अडत नाही हे आप्पांना अनुभवाने ठाऊक होतंच. रवणाला बसवायची अंडी ते शेजारच्या वाडीतून आणतात.

पिल्लं निघाली की पहिल्या आठवड्यात लासोटा लस. मानमोडी आली तर अख्खं खुराडं बसतं, त्यामुळे इथे विनोदाला जागा नाही. पण लशीची कुपी मिळते शंभर पिल्लांची, आप्पांकडे पिल्लं सात, आणि पातळ केलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. उरलेले त्र्याण्णव डोस वाया घालवायचे म्हणजे ऑडिट आलंच. मग आप्पा डालगं घेऊन वाडीभर फिरतात, घरोघरची पिल्लं गोळा करतात, पडवीत रांग लावतात आणि एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकत नोंद करतात. वाडीला फुकट लस मिळते. बदल्यात प्रत्येकाला आपल्या पिल्लाचा जन्मदिनांक सांगावा लागतो. तो ठाऊक नसेल तर आप्पा प्रतिज्ञापत्र मागतात.

आप्पांच्या पत्नीने, आमच्या वयनींनी, एकदा खाद्य, शिंपल्यांचा चुरा, जाळी, सगळं जमेस धरून हिशेब मांडला. "अवो, बाजारात सात रुपयांक अंडा गावता, तुमचा चाळीसांक पडता!"

"सरकारी काम तोट्यातच चलता," आप्पा म्हणाले.

नऊतल्या चार कोंबड्या दोन वर्षं अंडं देत नाहीत. त्यांना कापायचा विषय निघाला की आप्पा पेन्शनचे नियम काढतात. गटारीला खुराड्याला कुलूप असतं. जावई आले की आप्पा गुपचूप बाजारातून ब्रॉयलर आणतात आणि जावई 'गावठीची चव ती गावठीचीच' म्हणत बोटं चाटतात.

गेल्या वर्षी तांबडी म्हातारपणाने गेली. आप्पांनी तिला माडाच्या मुळाशी पुरलं, सेवापुस्तक बंद केलं आणि तिने उबवलेल्या शेवटच्या पिल्लाला अनुकंपा तत्त्वावर तिच्या खोक्यात नेमणूक दिली. तांबडी त्याची आई नव्हती, अंडं विकतचं होतं. वारसाच्या प्रश्नावर आप्पांनी तीन दिवस काढले आणि दत्तक ग्राह्य धरलं.

पिल्लू वाढलं, तुरा फुटला आणि एका पहाटे अंड्यांसाठी राखलेल्या खोक्यात उभं राहून आरवलं.

"आता तरी कापा तेका," वयनी म्हणाल्या.

आप्पांनी चष्मा लावून सेवापुस्तक चाळलं. "कसो कापू? प्रोबेशन संपला तेचा."