पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ,

नाव लिहीत नाही, तुमचं तुम्हाला कळेल. संत्र्याच्या हंगामात, माल भरलेला असताना, लोधीखेड्याजवळ माझी डिझेल पिकअप धापा टाकू लागली. चढावर ओढेना, मागे काळा धूर. तुम्ही ईजीआरच्या, म्हणजे जळका वायू पुन्हा इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेच्या, वाटेत पत्रा ठोकला, लॅपटॉप लावून डॅशबोर्डवरचा दिवा विझवला आणि म्हणालात, "कंपनीचं लफडं हाये, बंद करून टाकलं." मी विश्वासानं पैसे मोजले.

लफडं? बॉनेटखाली आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द शोभत नाही.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमधली आग फार तापली की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती छातीत जळजळतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो, तो झाडांची पानंही खराब करतो. संत्र्यावर जगणाऱ्या मुलखात बसून हे करताय, भाऊ!

ही आग निववायलाच ईजीआर असतो. सायलेन्सरकडे निघालेला थोडा जळका वायू वळवायचा, कूलंटनं गार करायचा आणि ताज्या हवेत मिसळून पुन्हा इंजिनात सोडायचा. त्यात ऑक्सिजन कमी. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बरीच उष्णता पिऊन घेतात. इंजिन गार असलं किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर ईजीआरचा व्हॉल्व्ह मिटवतो. म्हणजे चढावर माझ्या गाडीचा दम नीट चालणाऱ्या ईजीआरनं खाल्ला नव्हता. काजळी आणि ऑइलची वाफ यांच्या चिकट्यानं व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. तो खोलून साफ करायचा, एवढी काजळी इंजेक्टरमुळे येते की एअर फिल्टर तुंबल्यामुळे, ते शोधायचं. याला मिस्त्रीपणा म्हणतात. पत्रा कुणीही ठोकेल.

"पीयूसी तर पास झालं," हे तुमचं दुसरं उत्तर. होणारच! डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच राग येतो.

असली चोरी मोठ्यांनीही केली. चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर 2015 मध्ये अमेरिकेत उघडं पडलं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं त्यांच्या इथल्या गाड्या तपासल्या, कंपनीला सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला बोलवाव्या लागल्या. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कंपनीला 500 कोटींचा दंड सुनावला. त्यांची लबाडी गाडी रस्त्यावर चालवून घेतलेल्या चाचणीत पकडली गेली. तुमची पकडायला सावनेर-सौसर रस्त्यावर कोण उभं आहे?

मी व्हॉल्व्ह साफ करून घेतला, सेटिंगही पूर्ववत केलं. गाडी चढ चढते, दिवा लागत नाही. तुमचा पत्रा माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा. आणि शाळेच्या ज्या गाड्यांत असेच पत्रे ठोकलेत, त्या आधी बोलावून घ्या.

— लोधीखेड्याहून, एक गाडीवाला