रिव्हिजन बी गेटवर अडली आहे

भोसरी-चाकण पट्ट्यात हल्ली ट्रक गेटवर कमी आणि ड्रॉइंग जास्त अडतात. ग्राहकाने डायची नवी रिव्हिजन पाठवलेली असते, टूलरूम हात चोळत बसलेली असते, आणि कंपनीच्या वेब फिल्टरला त्या फाइलमध्ये स्फोटकं दिसत असतात. डीडब्ल्यूजी बंद, स्टेप बंद, झिप बंद. का? "पॉलिसी आहे." कोणी ठरवली? फिल्टरचा बॉक्स बसवायला आलेल्या पोराने जी यादी टिकमार्क करून दिली, ती. यादी बहुधा एखाद्या पतपेढीसाठी केलेली असावी. तिथे फिक्स्चरचं ड्रॉइंग कोण मागवतं!

आपला व्हेंडर मात्र वस्ताद. तो डीडब्ल्यूजीची शेपटी काढून जेपीजीची लावतो आणि फोन करतो, "साहेब, उतरली की नाव परत बदला." फिल्टर खूश. फोटोच आहे, जाऊ द्या! गेटवरचा वॉचमन कामगाराच्या डब्यातली भाजी उचकून बघतो आणि 'सँपल' लिहिलेल्या खोक्याला सलाम ठोकतो, त्यातलीच ही गत.

खरं तर फाइल ओळखायला नाव लागतच नाही. विंडोजवर चालणाऱ्या ईएक्सईची सुरुवातीची दोन अक्षरं एमझेड. मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कीची ही आद्याक्षरं. झिपच्या तोंडाशी पीके, म्हणजे फिल कॅट्झ. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल एसीने सुरू होते. 'इनव्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई' असं कितीही सोज्वळ नाव घेऊन कोणी आलं, तरी आतला एमझेड लपत नाही. आतून तपासायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद ठेवतात, कारण नेट स्लो होतं म्हणे.

आणि उत्साहाने चालू केलीच, तर दुसरी गंमत. आजची एक्सेल फाइल आतून झिपच असते. 'झिप बंद' तसंच ठेवलं आणि फिल्टर अर्धशिक्षित निघाला, की महिनाअखेरीला पगारपत्रक अडतं. अकाउंट्सचा फोन, मग एमडींचा फोन, आणि संध्याकाळी 'तात्पुरती' सूट: सगळ्यांना सगळं खुलं. (तात्पुरती सूट मागे घेतल्याचं कोणी पाहिलं असेल, तर कळवावं.) पासवर्डवाल्या झिपची तर चैनच. फिल्टरला ती उघडत नाही, म्हणून 'धोका आढळला नाही' असा शेरा घेऊन आत येते. पासवर्ड पुढच्याच मेलमध्ये.

उरलेलं पेनड्राइव्हवर. तळेगाव चौकातली कोंडी पार करून तो डिझाइनच्या मशीनला लागतो आणि वेब फिल्टरला वार्ताही नसते. तरीही जर्मन ग्राहकाचं टिसॅक्स, म्हणजे माहिती-सुरक्षेचं, ऑडिट ठरलं, की पॉलिसी लॅमिनेट होऊन भिंतीवर चढते.

२०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. प्रकरण निगडी पोलिसांत गेलं, नुकसान ५ कोटींचं सांगितलं गेलं. अशी बातमी आली की आमच्याकडे उपाय ठरलेला: बंदीची यादी आणखी लांब करा.

तेव्हा आयटी साहेब, यादी आखूड करा. डिझाइन आणि टूलरूमला ग्राहकाच्या पोर्टलवरून ड्रॉइंग घेऊ द्या. अकाउंट्सच्या मशीनवर ईएक्सई उतरायचं कारणच नाही. ओळख नावावरून नको, आतल्या अक्षरांवरून करा, आणि जी झिप उघडत नाही ती बाजूला काढून माणसाच्या नजरेखालून घाला. जमल्यास या आठवड्यात. रिव्हिजन सी निघाली आहे.